दोन्ही चाकं हवेत

लाटंबार्सेच्या धाकू गावसाला सायकल येत नव्हती असं नाही. पण त्याच्या लेखी सायकल म्हणजे दात यायच्या आधीची पेज. विशीत त्याने टिपरचं स्टिअरिंग धरलं आणि पुढची सगळी वर्षं डिचोलीच्या खाणीतला तांबडा डोंगर उचलून नदीकाठच्या जेटीवर ओतला. तिथून डोंगर बार्जमधून मुरगावला जायचा, मुरगावहून जहाजात. पुढे त्याचं काय झालं हे धाकूने कधी विचारलं नाही. त्या डोंगराचा रंग मात्र त्याच्या कानाच्या पाळ्यांना कायमचा बसला. त्याची बायको रुक्मिणी म्हणायची, "लग्नातली हळद आठ दिसांत गेली. ह्यो रंग काय जायना."

मग खाणी बंद पडल्या. टिपर अंगणात उभा राहिला. त्याच्या चाकांवर भोपळ्याचा वेल चढला, त्याला भोपळेही लागले, आणि शेवटी टिपर विकला गेला. धाकू पाण्याच्या टँकरवर ड्रायव्हर म्हणून लागला. पेडण्याच्या किनाऱ्याला, मांद्रे-हरमलच्या हॉटेलांना पाणी पोचवायचं. काम बरं होतं, पण जड काही ओढल्यासारखं वाटत नव्हतं. पाणी ओतून परत येताना टँकर रिकाम्या डब्यासारखा वाजायचा आणि धाकूला वाटायचं, हा आवाज टँकरचा नाही, आपलाच आहे.

अशाच एका दुपारी हरमलला माडांच्या मागे त्याला जमिनीत बांधलेली सिमेंटची एक प्रचंड बोशी दिसली. बशीसारखी गोल, खोल, गुळगुळीत. नवी टाकी असणार. त्याने टँकर मागे घेतला, पाइप आत सोडला आणि नळ उघडला.

"नाका! काका, पाणी नाका!"

हेल्मेट घातलेली एक पोरगी हात हलवत धावत आली. मागोमाग चार-पाच जण आले, दोन गोरे, बाकी इथलेच. सगळ्यांच्या हातात लहान मुलांच्या वाटाव्यात अशा सायकली.

"टाकी नाय ही?" धाकूने विचारलं.

"खेळाची जागा काका! सायकलीची!"

"सायकल टाकीत खेळवतास?"

उत्तर द्यायच्या ऐवजी ती कोरड्या बाजूने आत सुटली. बोशीच्या तळाचं पाणी उडवत गेली, समोरच्या भिंतीवर चढली, भिंत संपली तरी चढतच राहिली. सायकल हवेत गेली. हवेत ती क्षणभर थांबली. घार थांबते तशी. मग पोरीने हँडल वळवलं आणि ती आली त्याच वाटेने खाली आली.

धाकूने नळ बंद केला. पाइप गुंडाळायचं सोडून तो बोशीच्या काठावर गेला.

"बाय," तो म्हणाला, "ही सायकल माझ्या मापाची मिळता?"

पोरीचं नाव भाग्यलक्ष्मी. मांद्र्याची. सकाळी हॉटेलात हिशेब बघायची आणि उरलेला सगळा वेळ बापाच्या नारळाच्या गोदामामागे सायकली जोडायची. दर हिवाळ्यात परदेशी लोक येत, सायकली आणत, जाताना निम्मं सामान इथेच टाकून जात. ते तिच्या छपराला टांगलेलं असे. फ्रेमी, रिमा, हँडलं. वाऱ्याला ती एकमेकांवर आपटून किणकिणायची. धाकू छपराखाली शिरला आणि देवळात शिरल्यासारखा त्याने चपला बाहेर काढल्या.

"घाला काका चपला. खिळे आसात."

धाकू सहा फुटांवर उंच, आणि आडवाही तितकाच भरदार. भाग्यलक्ष्मीने त्याला आपादमस्तक बघून घेतलं. मग दोन फ्रेमी खाली उतरवल्या. एक अॅल्युमिनियमची. सोनेरी, हलकी, बोटावर उचलावी अशी. दुसरी पोलादाची, रंग उडालेली, लांब. कुणा धिप्पाड माणसाने दोन हिवाळे वापरून टाकलेली.

धाकूने सोनेरी फ्रेम हातात घेतली आणि तो हसायला लागला. इतकं हलकं वाहन त्याने जन्मात उचललं नव्हतं. टिपरचा नुसता जॅक याच्या दुप्पट होता. त्याने ती डोक्यावर धरली, एका हाताने धरली, करंगळीवर धरली. मग खिशातला पाना काढून त्याने तिच्यावर हळूच टिचकी मारली. प्रवासाला निघण्याआधी ड्रायव्हर टायरवर दांडा मारून आवाज ऐकतो, तसा. टक्. त्याने लांब फ्रेमीवर मारली. टिंऽऽऽ. आवाज छपरात गेला, टांगलेल्या रिमांना लागला, आणि त्याही थोड्या वाजल्या.

"ह्येची खोड काय?" त्याने सोनेरी फ्रेम दाखवून विचारलं.

"खोड ना काका. बरी आसा. पूण अॅल्युमिनियम मोडता तेन्ना सांगना. एकदम जाता."

"आणि ह्यां पोलाद?"

"तें आदीं वाकता. कुरकुरता. मागीर मोडता."

धाकूने सोनेरी फ्रेम खाली ठेवली. आयुष्यात न सांगता मोडलेल्या गोष्टी त्याने पुरेशा पाहिल्या होत्या. एका सकाळी कामावर गेलं, तर फाटकाला साखळी. कुरकुर नाही, वाक नाही. जी वस्तू मोडण्याआधी दोन शब्द बोलते, तिच्यावर बसायला हरकत नाही.

"ही दी," तो म्हणाला. "ही बोलकी आसा."

फ्रेम खांद्याला अडकवून तो घरी आला. रुक्मिणी अंगणात कोकमं वाळत घालत होती. तिने बघितलं, परत बघितलं.

"ह्या काय? शिडी?"

"सायकल."

"चाकां खंय आसत?"

"येतली मागीर."

"हँडल?"

"येतला."

"म्हणजे तुमी भोकां विकत घेतलात," रुक्मिणी म्हणाली, "आणि भोवतीची नळी फुकट मिळाली." पण फ्रेम घराच्या उंबऱ्याच्या आत येऊ द्यायला ती तयार नव्हती. या घरात कुठलंही वाहन देवाला गाऱ्हाणं घातल्याशिवाय आलं नव्हतं. टिपर आला तेव्हा घातलं, स्कूटर आली तेव्हा घातलं. शिलाई मशीनला चाक असतं म्हणून तिलाही घातलं होतं.

खरं तर सायकल पुरी झाल्यावर जायला हवं होतं. पण धाकूला धीर नव्हता. त्याच संध्याकाळी तो नारळ आणि नुसती फ्रेम घेऊन देवळात गेला. आरतीची वेळ, मंडप भरलेला. गुरव बाबाजी धाकूचा शाळेतला सोबती. देवाशी बोलताना त्याचा आवाज जेवढा मोठा, तेवढाच माणसांशी बोलताना बारीक आणि टोचरा.

"मेल्या, ह्यो सांगाडो कोणाचो?"

"सायकल आसा. घाल गाऱ्हाणां."

"चलतली कशी?"

"चलाक नाय. उडाक आसा."

बाबाजीने त्याच्याकडे रोखून बघितलं. मग त्याने नारळ हातात घेतला, देवाकडे तोंड केलं, आणि त्याचा आवाज एकदम मंडपाएवढा झाला.

"बा देवा म्हाराजा! आज ह्यो तुझो पूत धाकू गावस तुझ्या पायाकडे इलो हा!"

"व्हय म्हाराजा!" मंडपातले सगळे म्हणाले. गाऱ्हाण्याची रीतच ती. गुरवाने मागायचं, गावाने दुजोरा द्यायचा.

"खाणी थांबल्यो, टिपर गेले, पण ह्येच्या मनाचां चाक थांबूक नाय!"

"व्हय म्हाराजा!"

"ह्या सांगाड्याक चाकां येवंदेत, साखळी येवंदे, जां काय सामान होयां तां खंयसूनय येवंदे! वाटेत म्हशी येतीत, बस येतीत, भाड्याच्या स्कुटरवाले येतीत, तेंका बाजूक कर!"

"व्हय म्हाराजा!"

इथे थांबला असता तर चाललं असतं. पण गाऱ्हाणं रंगात आलं की बाबाजीला कोणी थांबवू शकत नसे, तो स्वतः तर नाहीच.

"आणि ही सायकल जमिनीर चलाची नाय, हवेत उडाची आसा, तर येत्या शिगम्याक, रोमटाच्या आदी, तुझ्याच मांडार, तुझ्याच डोळ्यांम्होरे ह्यो धाकू दोनूय चाकां हवेत घेवन पयली उडी तुका अर्पण करतलो! ह्यो गाव तेका साक्षी आसा, ह्यो गाव तेका जामीन आसा!"

"व्हय म्हाराजा!"

सगळ्यांत मोठ्याने ओरडला तो धाकू. जन्मभराची सवय. गुरव थांबला की तोंडातून ते निघतंच, जांभई निघावी तसं. नारळ फुटला तेव्हा त्याच्या ध्यानात आलं की आपण काय बोललो. त्याने आजूबाजूला पाहिलं. गावाच्याही तेव्हाच ध्यानात येत होतं की गाव काय बोलला.

"बाबाजी," धाकू हळूच म्हणाला, "माका उडाक येयना."

बाबाजीचा आवाज पुन्हा बारीक झाला होता. "देवाक सांगान झालां," तो म्हणाला. "आता शीक."

दुसऱ्या दिवसापासून धाकूची सायकल धाकूची राहिली नाही. जामीन राहिलेला अख्खा गाव तिच्यावर बसला. नवस चुकला तर तो एकट्याच्या डोक्यावर येणार नव्हता, ज्यांनी ज्यांनी होकार दिला त्या सगळ्यांच्या येणार होता. त्यामुळे माणसं टँकर अडवून विचारू लागली. रिम घेतलीस? किती तारांची? बसमध्ये बायका चाकाच्या हबवर बोलू लागल्या. शिवणकाम करणारा सगुण मऊ सीट शिवून द्यायला निघाला, लोहार म्हणाला मी चाकांना लोखंडी पट्टी मारून देतो. सगळ्यांचं एका गोष्टीवर एकमत होतं: धाकूसारखा माणूस वर जाऊन खाली येणार, म्हणजे सामान जाड पाहिजे, भक्कम पाहिजे, टिपरसारखं पाहिजे.

धाकूलाही तेच वाटत होतं. गावाच्या सगळ्या सूचना डोक्यात भरून तो पुन्हा मांद्र्याला गेला.

"बाय, सगळ्यांत जाड तारांच्यो रिमा दी. अठ्ठेचाळीस तारांच्यो. मडगार्ड होयो. कॅरियर होयो. आणि स्टँड."

"स्टँड ना काका. ह्या सायकलीक स्टँड नासता."

"मग उभी कशी रवता?"

"आडवी घालपाची."

"नवी गाडी? आडवी?" धाकूला ते मनापासून लागलं. "आणि सीट इतकी खाली? बसाचां कसां?"

"बसपाचें ना."

"ड्रायव्हरान बसाचां नाय?"

"उबें रावपाचें. सीट गुडघ्यांनी धरपाक आसा."

धाकू नारळाच्या ढिगावर टेकला आणि हसू लागला. गियर एकच. न्यूट्रल नाही. हॉर्न नाही. बसायचं नाही, उभी करायची नाही. त्याला जे जे ड्रायव्हिंग म्हणून ठाऊक होतं ते एकेक करून वगळत जावं आणि शेवटी जे उरेल ते समोर होतं. माणूस, आणि माणसाखाली दोन वर्तुळं.

भाग्यलक्ष्मी मात्र हसत नव्हती. तिने दोन चाकं आणली. एक अठ्ठेचाळीस तारांचं, एक छत्तीस तारांचं. एक त्याच्या उजव्या हातात दिलं, एक डाव्या.

"दोनूय वयर उचला. आनी धरून रावात."

तो उभा राहिला. गोदामात माश्या घोंगावत होत्या. थोड्या वेळाने उजवा हात थरथरायला लागला, डावा नाही.

"काका, टिपराक इंजिन आसलें. तुमी पाय दाबलो की तो वडटालो. हांगा इंजिन कोण?"

"मी."

"आनी लोड कोण?"

उजवा हात खाली आला. आयुष्यभर त्याने मागे भरलेला माल ओढला होता. माल म्हणजे आपल्याहून वेगळं, आपल्या पाठीमागचं काहीतरी. इथे पाठीमागे काहीच नव्हतं.

"मीच लोड," तो म्हणाला, आणि हा शोध त्याला एवढा आवडला की त्याने तो माडांना, कावळ्यांना आणि बाहेर उभ्या टँकरला मोठ्याने सांगितला. "मीच इंजिन, मीच लोड!"

मग निवड भराभर झाली, जत्रेतल्या खाज्याच्या दुकानात व्हावी तशी. चाकं छत्तीस तारांची. हँडल उंच, बैलाच्या शिंगांसारखं. पेडलं प्लास्टिकची, कारण लोखंडी पेडल नडगीवर बसलं तर काय होतं ते भाग्यलक्ष्मीने पँट वर करून दाखवलं. चाकाच्या आसाला लावायचे ठोकळे त्याने हातात खेळवले, त्यांच्यावर उभं राहून कठड्यावरून घसरत जातात हे ऐकून डोळे मिटले, आणि परत ठेवले. "ह्या फुडल्या जन्मात." ब्रेक लावू नका असं बाकीची पोरं म्हणत होती. ब्रेकशिवाय नवरा अंगणात पाऊल ठेवणार नाही असं रुक्मिणीने बजावलं होतं. मागचा एक ब्रेक लागला. रंग द्यायचा नाही असं त्याने ठरवलं. नुसतं पोलाद, वर पारदर्शक लेप, म्हणजे सांधे दिसत राहतील.

सायकल गावात आली तेव्हा बघ्यांचे चेहरे पडले.

"ही मोडतली," लोहार म्हणाला.

"ही पाळण्याक लावा," दुसरा कोण म्हणाला.

"आमी जामीन आसव, धाकू. कायतरी जाड लाय रे."

"जाड मी आसय," धाकू म्हणाला. "तितक्यां पुरे."

पण उडी काही येईना. टँकर रिकामा झाला की तो गोदामामागे एका ओंडक्यावर फळी टाकून सराव करायचा. पुढचं चाक उठायचं. मागचं चाक जमिनीला चिकटलेलं. हात ओढायचे, पाय दाबायचे, गुडघे वर घ्यायचे, हे सगळं एका श्वासात आणि क्रमाने. धाकूचा क्रम दर वेळी चुकायचा. कोपरं सोलली, नडगी सोलली. घरी रुक्मिणी कोकमाचं तेल गरम करून लावायची आणि एकेका जखमेला विचारायची, "ही कसली? ही? आणि ही मागल्या बाजूक कशी इली?" गावाला बातमी पोचतच होती. फुडचां उचालता, मागचां नाय. देवळात कोणी म्हणालं, एका चाकावर देव मान्य करील का? बाबाजीने मान हलवली. गाऱ्हाण्यात दोन्ही म्हटलं होतं.

"पायांनी उडूं नाकात," भाग्यलक्ष्मी शेवटी म्हणाली. "सायकल वयर वता. तुमी तिका आडायतात. तिका सोडात."

होळीचा शिगमा आला. देवळापुढच्या मांडावर, जिथे दर वर्षी शिगमा खेळतात, तांबड्या मातीचा चढ करायचा होता, तो गावाने केला. मांडाची पवित्र जागा म्हणून बायकांनी तो शेणाने सारवला आणि कडेला रांगोळी काढली. मांद्र्याहून आलेली भाग्यलक्ष्मी तो बघून कपाळाला हात लावून उभी राहिली. "रांगोळी घातलेलो चढ," ती म्हणाली, "म्हाका खंयच मेळूंक नासलो." शेण कडक वाळलं आहे ना हे तिने टाचेने दाबून बघितलं.

ढोल सुरू झाले. निशाणं उभी राहिली. रोमटाच्या नाचत्या मिरवणुकीचे गडी गुलालात थांबले. धाकूच्या आधी त्यांना नाचता येत नव्हतं. धाकू मांडाच्या दुसऱ्या टोकाला, डोक्यावर हेल्मेट, हेल्मेटवर रुक्मिणीने लावलेलं कुंकू. ती म्हणाली, "मोडून येव नकात." मग जरा थांबून म्हणाली, "मोडलात तरी येवा."

बाबाजीने हात वर केला आणि गाव ओरडला, "व्हय म्हाराजा!"

धाकू सुटला. उभा राहून, गुडघ्यांत सीट धरून. चढ समोर आला, तो चढात शिरला, पुढचं चाक उठलं. ते रोजच उठायचं. आणि नेहमीची वेळ आली, मागचं चाक खाली दाबून धरायची. कशासाठी आपण ते दाबतो हे त्याला त्याच क्षणी कळलं: माल सांडू नये म्हणून. इतकी वर्षं उतारावर, वळणावर, खड्ड्यात, पाठीमागचं काही सांडू नये म्हणून त्याचं अंग आपोआप खाली दबायचं. आता मागे काय होतं? त्याने सांडू दिलं.

ढोल थांबले नव्हते, पण त्याला ऐकू येईनासे झाले. खाली गुलाल, निशाणं, रुक्मिणीचं उघडं तोंड, हे सगळं एकदम दिसलं, आणि त्यात कशालाही वजन नव्हतं.

मग जमीन आली. धाड्. पोलाद कुरकुरलं, पण मोडलं नाही. धाकू वेडावाकडा गेला, निशाणवाल्यांत घुसला, दोन गडी घेऊन खाली बसला आणि गुलालातून वर आला तो नखशिखांत लाल.

"दोनूय उठली?" मागचे विचारत होते.

"एकच!"

"दोनूय! मी आडवो पडान बघलय!"

"कितकी? बोटभर?"

"वीतभर!"

"बोटभर म्हणजेय हवाच मेल्या!"

वाद देवळाच्या पायरीपर्यंत गेला. बाबाजीने सगळ्यांकडे बघितलं. गाव जामीन, आणि गावच साक्षीदार. असल्या खटल्यात त्याने एवढंच म्हटलं, "देवान बघलां. तेणां तक्रार करूक नाय." आणि नारळ फोडला. गावाने सोडलेला श्वास ऐकू आला. रोमट सुटलं, ढोल चढले, गडी नाचू लागले.

नाचणाऱ्यांच्या गर्दीतून धाकू उलट्या दिशेने चालला होता. सायकल हाताने ढकलत, मांडाच्या पार दुसऱ्या टोकाला. रुक्मिणीने त्याला गाठलं.

"खंय चललात? नवस फिटलो."

"फिटलो."

"मग?"

"ती उडी देवाक दिली गो," धाकू म्हणाला. त्याचे दात लाल तोंडात पांढरे दिसत होते. "माका काय रवली नाय."

रुक्मिणीने त्याच्याकडे बघितलं. मग वळून, पदर खोचून, नाचणाऱ्यांवर ओरडली, "ओ! बाजूक व्हा! वाट सोडा! हे परत येतत!"

आणि धाकू परत सुटला.